सुरक्षेतील त्रुटी प्रकल्पाला कळवताना

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांच्या नोंदी एका मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्याचा सर्व्हर मी सांभाळतो. कापूस-तुरीच्या खरेदीसाठी घेतलेल्या सातबारा आणि पासबुकाच्या प्रतीही त्यातच असतात. हे कागद ब्राउझरमध्ये उघडताना दिसणाऱ्या वेब-पत्त्यात शेवटी ओळीने क्रमांक येतात, हे लक्षात आल्यावर तो बदलला तर काय होईल, अशी शंका आली.

चालू सर्व्हरवर ती तपासायची नाही, असे मी ठरवले. सर्व्हर माझ्या हाती असला तरी कागद सभासदांचे आहेत; शिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीविना शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते, हे असे काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. लॅपटॉपवर तीच आवृत्ती बसवून दोन काल्पनिक सभासद तयार केले. एकाच्या खात्यातून क्रमांक बदलताच दुसऱ्याचे पासबुक उघडले. लॉगिन झाले आहे की नाही एवढेच सॉफ्टवेअर पाहत होते. कागद कोणाचा, हे पाहतच नव्हते.

त्रुटी जाहीर इश्यूमध्ये, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या तक्रार-नोंदीत, लिहू नये, असे हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पाच्या सुरक्षा धोरणात स्पष्ट होते, म्हणून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील खाजगी अहवालाचा मार्ग घेतला. आवृत्ती, क्रमवार कृती, अपेक्षित आणि प्रत्यक्ष परिणाम, तसेच तपासणी कोडमध्ये कुठे राहिली आहे, हे लिहिले. प्रकल्प सांभाळणारे लोक फावल्या वेळात काम करतात. त्यांना तेच दृश्य स्वतःच्या संगणकावर चटकन दिसले, तरच अहवाल पुढे सरकतो.

लॉगिन लागते म्हणून धोका किरकोळ, असे त्यांचे पहिले मत होते. सीव्हीएसएस ३.१ या त्रुटीची तीव्रता दहापैकी गुणांत मोजण्याच्या पद्धतीत साध्या खात्याची अट आधीच धरलेली असते; गोपनीयतेची हानी मोठी धरली की गुण ६.५, म्हणजे ‘मध्यम’ येतात, हे मी मांडले आणि त्यांनी ते मान्य केले.

सर्वांत जड गेले ते मौन. शेजारच्या काही कंपन्याही हेच सॉफ्टवेअर वापरतात. पण दुरुस्तीआधी बोभाटा झाला असता, तर त्यांचेच कागद उघडे पडले असते. आमच्याकडे मात्र व्यवस्थापकांना “भाऊ, कागद पाहण्याची सोय काही काळ बंद ठेवू, कारण नंतर सांगतो” एवढेच म्हटले आणि त्यांनी विश्वासाने होकार दिला.

दुरुस्ती खाजगी शाखेत, म्हणजे कोडच्या जाहीर न केलेल्या प्रतीत, तयार झाली तेव्हा मी ती पुन्हा तपासली. मूळ प्रत बंद झाली होती, पण तिचे लहान चित्र वेगळ्या पत्त्यावरून अजून दिसत होते आणि त्यावर खाते क्रमांक वाचता येत होता. तोही मार्ग बंद झाल्यावरच सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा जागतिक ओळख-क्रमांक), नवी आवृत्ती आणि सूचना एकत्र प्रसिद्ध झाली.

त्याच दिवशी शेजारच्या कंपन्यांना फोन करून नेमकी आवृत्ती सांगितली. एके ठिकाणी सर्व्हरचा पासवर्ड नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाकडेच होता. तो मिळेपर्यंत त्यांनी सर्व्हर बंद ठेवला आणि खरेदीच्या नोंदी वहीत केल्या.