परदेशी देणगी घेण्याआधी

खानापूर, निपाणी भागात ग्रामसभा, माहिती अधिकार, महिलांचे हक्क यांवर काम करणाऱ्या लहान संस्थांना पूर्वी बंगळूरच्या मोठ्या संस्थेकडून परदेशी निधीतला वाटा मिळू शकायचा. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. एफसीआरएचा पैसा आता दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. गावपातळीवरच्या कामाचं यात फार नुकसान झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या कायद्याखाली स्वतःची नोंदणी करायची तर संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढे नसतील तर देणगीदाराचं पत्र जोडून पूर्वपरवानगी मागावी.

पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो; बेळगावातलं खातं फक्त खर्चासाठी. गोंधळ इथेच होतो. गावातली वर्गणी या खात्यात कधीही भरू नका. व्याजही परदेशी निधीच मानलं जातं. दुबईतल्या भावाने पाठवलेली देणगी मात्र, त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर, परदेशी ठरत नाही.

सीमाभागात आणखी एक भीती असते: भाषेसाठी बंद किंवा रास्ता रोको केला की संस्था ‘राजकीय’ ठरेल का? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसेल तर तेवढ्यावरून निधी नाकारता येत नाही. प्रशासकीय खर्च परदेशी निधीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. वर्षभरात रुपयाही आला नाही तरी परदेशी निधीचं वार्षिक विवरण (एफसी-४) ३१ डिसेंबरपर्यंत भरावंच लागतं.