रात्री सव्वादोनचा भोंगा

आमच्या वाड्यातील नऊ बिऱ्हाडांमध्ये एकच समाईक नळ आहे आणि त्याला चार दिवसांआड, बहुधा पहाटेच्या अंधारात पाणी येते. वॉल नेमका कधी सुटेल हे सांगता येत नसल्यामुळे प्रत्येक घरातील एक माणूस, आणि ते बहुतेक वेळा घरची बाईच असते, रात्रभर नळाकडे कान देऊन पडलेले असते. आठवीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने आपल्या आईचे हे जागरण लहानपणापासून पाहिले होते. म्हणूनच गेल्या श्रावणात तिने पाणी आल्याची वर्दी देणारे यंत्र बनवायला घेतले.

नळ उघडा ठेवून त्याखाली तिने प्लॅस्टिकचे नरसाळे बांधले आणि आत तांब्याच्या दोन उघड्या तारा बोटभर अंतरावर बसवल्या. नळाच्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे तारा भिजल्या की ट्रान्झिस्टरला, म्हणजे छोटा प्रवाह मोठा करणाऱ्या भागाला, किंचित प्रवाह मिळतो, तो रिले, म्हणजे विजेने चालणारी कळ, ओढतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर भंगारातून आणलेला मोटरसायकलचा भोंगा वाजतो. पहिल्याच थेंबाला भोंगा वाजला पाहिजे असा तिचा हट्ट होता. त्यासाठी तिने दोन बीसी 547 ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडले. सिडनी डार्लिंग्टन या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जोडणीत पहिल्याने शेकडो पटींनी वाढवलेला प्रवाह दुसरा पुन्हा शेकडो पटींनी वाढवतो, आणि मग मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाचा, अंशही रिले ओढायला पुरतो.

पहिल्या खेपेला यंत्र अचूक चालले. त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री, पाण्याचा दिवस नसतानाच, सव्वादोन वाजता भोंगा जो सुरू झाला तो थांबेचना. कोणीतरी "पाणी आलं!" अशी हाक दिली आणि पाच मिनिटांत हंडे, घागरी, कळश्या, बादल्या यांची रांग जिन्यापर्यंत पोहोचली. माडीवरचे आजोबा चष्मा न लावताच पिंप उतरवत होते, शेजारच्या काकूंनी झोपलेल्या मुलाला कडेवर घेऊन घागर पुढे सरकवली, आणि या गलबल्याने पलीकडचा वाडाही कळश्या घेऊन आमच्या दारात आला. भोंगा किंचाळत होता, नळ मात्र कोरडा ठणठणीत होता. शेवटी माझ्या वहिनींनी बॅटरीची तार उपटली, तेव्हा त्या शांततेत सगळे एकमेकांच्या भांड्यांकडे पाहत राहिले आणि आधी आजोबा, मग सगळा वाडाच पोट धरून हसू लागला. एकटी पुतणी रडवेली होऊन नरसाळ्यात डोकावत होती.

सकाळी काहींनी ते काढून टाकायला सांगितले. मी मात्र ठाम राहिलो, कारण ज्याने यंत्र बनवले त्यालाच त्यातील दोष शोधू दिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तिने नरसाळे उन्हात धरले, तेव्हा एका तारेवर हिरवट निळा थर दिसला. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेले तांबे भिजल्यावर झिजते आणि त्याचे क्षार आजूबाजूला साचतात. त्या क्षारांनी पावसाळी हवेतील ओल धरून दोन तारांमध्ये एक पुसटशी ओली वाट तयार केली होती. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही लाख ओहम असणार. पण त्या तिखट कानाच्या जोडीला तेवढे ऐकू जात होते.

"काका, याला कमी ऐकू यायला पाहिजे," ती म्हणाली.

मग आम्ही दोघांनी वहीत ओहमचा नियम, म्हणजे व्होल्ट, प्रवाह आणि रोध यांचे गणित, मांडला. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे प्रवाह आत घेणारा पाय, आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये 10 हजार ओहमचा रोधक घातला, तर किरकोळ प्रवाह त्यातूनच निघून जातो आणि तारांमधील रोध साधारण 80 हजार ओहमच्या खाली आल्याशिवाय भोंगा वाजणार नाही. वाहत्या पाण्याचा रोध त्याहून पुष्कळ कमी असतो, नुसत्या ओलीचा पुष्कळ जास्त. तांब्याच्या तारांऐवजी तिने स्टीलचे दोन चमचे एकमेकांपासून चांगले चार बोटे दूर टांगले, आणि पाणी भरून झाले की नरसाळे पुसून ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी, पहाटे पाचला दहा मिनिटे असताना, भोंगा वाजला. शेजारच्या काकूंनी आधी नळाखाली हात धरला, मग घागर मांडली.