दशमांश दिला होता, खरे सांगितले नव्हते

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुरुषांच्या एका लहान गटात मी सामील झालो, तेव्हा माझ्यावर कर्ज होते आणि माझ्या पत्नीला त्याची काहीच कल्पना नव्हती. शेअर बाजारात झटपट पैसे दुप्पट करण्याच्या नादात मी तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम घालवली होती, ती भरून काढण्यासाठी वैयक्तिक कर्ज घेतले होते, आणि हप्त्याचा संदेश कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून घरात फोन पालथा ठेवण्याची सवय लावून घेतली होती. गटात मी या कारणासाठी गेलो नव्हतो. प्रार्थना कोरडी झाली होती, शास्त्रवाचनात खंड पडत होता, आणि आमच्या पाळकांनी आपुलकीने सुचवले होते की एकट्याने झुंजण्यापेक्षा तीन-चार बंधूंबरोबर नियमित बसत जा.

आम्ही चौघे होतो. दर मंगळवारी रात्री दीड तास बसायचे, सुरुवातीला एखादे स्तोत्र वाचायचे, मग प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा आणि शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना करायची, एवढीच रीत होती. प्रश्नांचा एक कागद ठरलेला होता: प्रार्थना, वाचन, डोळ्यांची शुद्धता, पत्नी व मुलांशी वागणे, पैसा. पहिले पाच महिने हा कागद मला मुळीच जड गेला नाही. ‘या आठवड्यात प्रार्थनेत थोडा कमी पडलो’, ‘घरी जरा चिडचिड झाली’ अशी उत्तरे सगळेच देत होते, आणि अशा उत्तरांत नम्रता दिसते पण कोणाचे काहीच उघडे पडत नाही. पैशाच्या व्यवहारात प्रभूसमोर प्रामाणिक आहेस का, या प्रश्नाला माझे ठरलेले उत्तर असे, ‘दशमांश एकदाही चुकवलेला नाही.’ उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामासाठी मंडळीला देणे म्हणजे दशमांश, आणि माझे उत्तर अक्षरशः खरे होते. त्यांतले दोन महिने तो मी कर्जाच्या पैशातून दिला होता.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी एका मंगळवारी हा कागद बाजूला ठेवायला सांगितले. त्यांनी इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने २५ डिसेंबर १७३८ रोजी आपल्या छोट्या मेळ्यांसाठी लिहिलेले नियम आणले होते. हे मेळे आठवड्यातून निदान एकदा भरत. पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे, शिवाय विवाहितांचे व अविवाहितांचेही निरनिराळे. नव्याने येणाऱ्याला आधीच विचारले जाई की तुझे दोष तुला सरळ, आडपडदा न ठेवता सांगितलेले चालतील का. बैठकीत विचारायचे प्रश्न तर थेटच होते: मागच्या भेटीनंतर कोणते पाप जाणूनबुजून केले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही याची तुलाच शंका आहे असे काय बोललास किंवा केलेस. काकांनी बोट ठेवले ते मात्र दुसऱ्याच नियमावर. त्यानुसार एकाने आधी स्वतःची अवस्था सांगायची आणि त्यानंतरच इतरांना विचारायचे.

पुढे याच चळवळीत १७४२ साली ब्रिस्टल येथे सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग सुरू झाले, आणि त्यांचे मूळ प्रार्थनागृहाच्या कर्जात होते, हेही त्यांनी सांगितले. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची ठरली. त्यासाठी घरोघरी जाणाऱ्यांना पैशाबरोबर माणसांची खरी स्थितीही कळू लागली आणि त्यातून आत्मिक देखभालीची व्यवस्था उभी राहिली. काका हे सहज बोलून गेले. कर्ज हा शब्द ऐकताच माझी नजर मात्र खाली गेली.

मग काकांनी स्वतःपासून सुरुवात केली. आपल्या धाकट्या भावाशी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून नऊ वर्षे बोलणे बंद आहे, आणि मनात वैर न ठेवता घ्यायचा भाकर-द्राक्षरसाचा विधी, प्रभुभोजन, त्या नऊ वर्षांत आपण घेत आलो आहोत, हे त्यांनी सांगितले. त्यांनी भावाला दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांच्या हातातला कागद किंचित थरथरत होता. नंतर ते माझ्याकडे वळले आणि कागदात न पाहता म्हणाले, “तू दर वेळी दशमांशाचं सांगतोस. उरलेल्या नऊ भागांचं काय?”

मी बराच वेळ गप्प बसलो. कोणीही ती शांतता मोडली नाही, आणि आज मागे वळून पाहताना वाटते की त्या रात्री बंधूंनी माझ्यासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती. कारण कोणी एक धीराचा शब्द जरी काढला असता तरी मी त्याच्या आड लपलो असतो. शेवटी मी रक्कम सांगितली. ‘थोडे कर्ज आहे’ असे न म्हणता नेमका आकडा सांगितला, आणि तो उच्चारताना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला तो स्वतःच्या कानांनी ऐकू आला.

त्यांनी उपदेश केला नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील सोळाव्या वचनात एकमेकांजवळ पापे कबूल करणे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करणे ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत, आणि त्यांनी नेमके तेच केले. प्रार्थनेनंतर आमच्यातला एक जण कळकळीने म्हणाला, “भाऊ, निम्मी रक्कम मी देतो, सवडीनं परत कर.” काकांनी त्याला थांबवले. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा दुसऱ्या वचनात आहे आणि प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा हे पाचव्या वचनात आहे. यांतले कोणते ओझे कशात मोडते हे घाईने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “घरी कधी सांगणार?”

मी म्हणालो, या आठवड्यात. त्या आठवड्यात सांगितले नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही मंगळवारी त्यांनी विचारले, दोन्ही वेळा मी नाही म्हणालो, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. तुझ्या वतीने आम्ही बोलणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. तिसऱ्या आठवड्यात, मुले झोपल्यावर, मी बँकेचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि पत्नीला सगळे सांगितले.

तिने कागद चाळले. कर्जापेक्षा तिला दुसरीच गोष्ट लागली. तिने विचारले, “हे गटातल्या लोकांना कधीपासून माहीत आहे?” मी म्हणालो, तीन आठवडे. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझ्या संसाराचं मला कळायच्या आधी तीन परक्या पुरुषांना कळलं.” ती रडली नाही, आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली.

पुरुषांच्या गटांबद्दल उत्साहाने बोलताना ही बाजू बहुधा सांगितली जात नाही, म्हणून ती मुद्दाम लिहितो आहे. बंधूंसमोर कबुली देऊन आलेला माणूस हलका होतो, आणि ज्या व्यक्तीवर अन्याय झाला तिच्यासमोर जाण्याची त्याची निकड तेवढीच कमी होते. माझ्या बाबतीत हे घडले. ते तीन आठवडे मी खरोखर शांत झोपत होतो. मी हे गटात सांगितले तेव्हा आम्ही आमच्या पद्धतीत एक बदल केला. जी गोष्ट पत्नीची किंवा दुसऱ्या कोणाची आहे, ती गटात आली की पुढच्या बैठकीपूर्वी तिच्या खऱ्या धन्याकडे गेली पाहिजे; ती गेली नसेल तर त्या दिवशी दुसरे काही न बोलता त्याच विषयावर थांबायचे.

गुप्ततेचा धडा आम्हाला याहून महागात पडला. आमच्यातल्या एकाने गटात सांगितलेली त्याची खाजगी अडचण दुसऱ्याने ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून बाहेर एका जवळच्या माणसाला सांगितली आणि दोन रविवारांत ती त्या भावाच्या कानावर परत आली. सांगणाऱ्याने अश्रू ढाळून क्षमा मागितली, ती मिळालीही, पण तो भाऊ पुन्हा गटात आला नाही. त्याची खुर्ची कित्येक आठवडे आम्ही तशीच मांडत होतो. तेव्हापासून इथले काहीही, प्रार्थनेसाठीसुद्धा, बाहेर न्यायचे नाही असे ठरले आहे. याला अपवाद एकच: कोणाच्या, विशेषतः मुलाच्या किंवा स्त्रीच्या, जिवाला अथवा अब्रूला धोका असेल तर ते चार भिंतींत राहणार नाही, आणि ही सूचना येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दिली जाते.

काका अजून भावाकडे गेलेले नाहीत. त्यांनी पत्र लिहिले आहे, ते पाठवलेले नाही, आणि दर मंगळवारी आम्ही त्यांना त्याबद्दल विचारतो.

माझे अकरा हप्ते राहिले आहेत. त्यांची वही आता पत्नीच्या कपाटात असते. मंगळवारी गटाला निघण्यापूर्वी मी ती तिच्याकडून मागून घेतो, त्या आठवड्याचा सगळा खर्च तिच्यासमोर लिहितो, ती बेरीज तपासते, आणि मग मी निघतो.