स्किप जेम्स: तिसरी तार अखेर सुरात!

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक स्किप जेम्सच्या क्रॉस-नोटमधला (गिटारच्या मोकळ्या तारा डी मायनरमध्ये जुळवायची त्याची पद्धत) शुद्ध गंधार लागला एकदाचा, सध्या तरी एका युक्तीने! माझ्या गिटारचं दुखणं असं. जाड तारेपासून डी-ए-डी-एफ-ए-डी लावलं की मोकळ्या तारा सुंदर जुळतात, सा-प-सा-कोमल ग-प-सा. पण तिसऱ्या तारेवर पहिला फ्रेट (गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) दाबला की गंधार चढा. आणि स्किपचा सगळा जीव त्याच जागेत: मोकळा कोमल गंधार छेडायचा, लगेच बोट आपटून शुद्धावर जायचं, पुन्हा खाली. ती जागा बेसूर असेल तर त्याच्या 'डेव्हिल गॉट माय वुमन' या गाण्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आधी तारांचा 12चा सेट काढून त्याहून जाड 13चा चढवला. झणझण थांबली, चढेपणा तसाच. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला, आणि गंधार चोख! म्हणजे दोष नटचा, दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. खाच उंच आहे, त्यामुळे पहिल्या फ्रेटपर्यंत दाबताना तार नको इतकी ताणली जाते. कॅपो लावला की नटचा संबंधच उरत नाही. खाच उतरवायला तारेच्या जाडीचीच नट फाइल हवी. साधी कानस खाच रुंद करते आणि तार आत खडखडते.

ती जागा कानाने पकडणं हेही कामच होतं. फेब्रुवारी 1931मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी स्किपने तबकड्यांच्या 18 बाजू भरल्या, पण पॅरामाउंटचा माल हलका, खरखर इतकी की बारकावे बुडतात. मंदीत त्या खपल्याही नाहीत आणि हा माणूस ब्लूज सोडून चर्चकडे वळला. 1964मध्ये गिटारवादक जॉन फेही आणि त्याच्या दोन मित्रांनी त्याला मिसिसिपीतल्या टुनिकाच्या हॉस्पिटलात शोधून काढलं. त्यानंतरची स्वच्छ रेकॉर्डिंग्ज नसती तर बोट नेमकं कधी आपटतं हे मला कळलंच नसतं.

नट उद्या उतरवणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: आधी ई-बी-ई-जी-बी-ई लावून बघावं. तिसरी तार गिटारच्या नेहमीच्या जुळणीप्रमाणे जीवरच राहते, आत्ताच्या एफपेक्षा उंच, म्हणजे चढेपणा आपोआप कमी. पाचवी आणि चौथी नेहमीपेक्षा एकेक स्वर वर जाणार, तेव्हा 13 उतरवून पातळ 11चा सेट. अडचण गळ्याची. स्किपचा तो वरच्या पट्टीतला फॉल्सेटो (मुद्दाम काढलेला पातळ, उंच आवाज) मला डीमध्ये आत्ता कुठे साधतोय, ईमध्ये आणखी वर जावं लागेल. दोन्ही पट्ट्यांत गाऊन पाहिलेलं कुणी आहे का?