आमची वाटचाल: पोराला कुठल्या भाषेत तपासायचं?

२०१५ ला बेळगावच्या टिळकवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही हे, अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना तपासायचं, टेस्टिंग सेंटर सुरू केलं. मी शाळेतली नोकरी सोडून स्पेशल एज्युकेशन केलेलं, आणि सोबत आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्ट मॅडम, त्या आठवड्यातनं दोनदा येणार. पहिले सहा महिने लोक बोर्ड वाचून विचारायचे, इथं वेड्या मुलांना बघतात काय? आणि जी आई यायची ती चप्पल हातात घेऊन आत यायची, बाहेर दिसली आणि कुणी ओळखली तर म्हणून.

पुढच्याच वर्षी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १९९५ च्या कायद्यात लर्निंग डिसेबिलिटीचं, म्हणजे बुद्धी असून वाचता-लिहिता न येण्याचं, नावच नव्हतं, नव्याच्या २१ प्रकारांत ते आलं, मग परीक्षेला जादा वेळ मिळतो, उत्तरं लिहून देणारा रायटर मिळतो हे हळूहळू पालकांना कळायला लागलं. सर्टिफिकेट मात्र आम्ही देत नाही, ते सरकारी यंत्रणेकडनंच, हे रोज सांगावं लागतंय.

खरं आमच्या भागातला प्रश्न वेगळाच आहे. पोरगं घरात मराठी बोलतंय, गल्लीत कानडी, आणि शाळा इंग्लिश मीडियम. वाचता येत नाही म्हणून आणतात, मग बघायचं कुठल्या भाषेत?

दुसऱ्या वर्षी आमच्याकडून चूक झाली ती सांगते. खानापूर तालुक्यातला तिसरीचा मुलगा, शाळेला रिपोर्ट इंग्लिशमध्ये पाहिजे होता म्हणून आम्ही प्रश्नसुद्धा इंग्लिशमधनंच विचारले, तो गप्प बसला, आयक्यू आला ७४, आम्ही 'बॉर्डरलाइन', म्हणजे बुद्धी थोडी कमी, असं लिहून दिलं. वर्षानं आई परत आली. म्हणाली, "मॅडम, ह्यो घरात सगळ्या दुधाचा हिशोब तोंडी करूलाय, खरं शाळेत मंद म्हणूलेत, कसं काय?" मला त्या रात्री झोप लागली नाही.

परत टेस्ट केली, पैसे न घेता, मराठीत आणि दोन बैठकींत. लाल-पांढरे ठोकळे पुढे ठेवले, समोरच्या चित्रासारखे जुळवायचे, तो ओठ दाताखाली धरून एकेक फिरवत होता, आणि शेवटचा बसवल्यावर माझ्याकडं नाही, स्टॉपवॉचकडं बघितलं. बुद्धी चांगली होती. मग वाचायला दिलं, तर 'रस्ता' ला 'रसता', 'भ' आणि 'म' ची अदलाबदल, आणि इंग्लिशमध्येही तसंच अडखळणं. म्हणजे अडचण खरीच होती, डिस्लेक्सियाची, बुद्धी असून वाचता न येण्याची, आणि आमच्याच रिपोर्टानं ती एक वर्ष झाकून ठेवलेली.

तेव्हापासनं नियम एकच, पोर ज्या भाषेत भांडतंय त्या भाषेत पहिली टेस्ट. अडचण फक्त इंग्लिशमध्ये असेल तर आधी मीडियमकडं बघायचं, सगळ्या भाषांत असेल तर पुढं जायचं. बिने-कामत ह्या बुद्धीच्या टेस्टचं मला त्यामुळं फार कौतुक वाटतं, कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी, दोन्हींत बसवली होती, आपल्याच दोन भाषा. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरची डाली ही डिस्लेक्सियाची टेस्टसुद्धा मराठी, कानडीत आहे. आता कानडी बोलणाऱ्या ताई आमच्याकडं कायम आहेत, त्या आल्यावर चिकोडी, हुक्केरीकडची मुलं यायला लागली.

'वांड' म्हणून आणलेल्या मुलांचं सांगायचं तर दोघातिघांना नीट ऐकूच येत नव्हतं, शेवटच्या बेंचवर बसवलेली. म्हणून आता आम्ही कान आणि डोळे आधी तपासून आणायला सांगतो.

येताना जुन्या वह्या आणा, नव्या नकोत, लाल शेऱ्यांच्या, फाटलेल्या असल्या तरी चालतील, आणि पहाटेच्या बसनं निघणार असाल तर पोराला काहीतरी खाऊ घालून आणा, उपाशी पोराची टेस्ट आम्ही घेत नाही.