चौथं धुरांडं

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. भाऊ पुण्याहून आला, जेवला आणि दुपारीच परत गेला. लॅब बंद. पाऊस सकाळपासून एका लयीत लागलाय, यवतेश्वरचा डोंगर दिवसभर दिसला नाही. अखेर आज तो खोका उघडला.

मागच्या दिवाळीला भाच्यानं जर्मनीहून आणला होता. "मावशी, दात करणाऱ्या हातांनाच हे जमेल," म्हणाला. नऊ महिने कपाटावर पडून होता. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, प्रत्येक चौकटीला देठाला लटकल्यासारखे शेकडो तुकडे. रेव्हेल कंपनीचं 'एमडेन', माप १/३५०. खरी युद्धनौका ११८ मीटर लांब होती, माझी जेमतेम ३४ सेंटिमीटर होईल. या मापात उभा माणूस पाच मिलिमीटरचा. तोफेची नळी बारा मिलिमीटर लांब आणि तिचं तोंड सुईच्या टोकाएवढं.

एकवीस वर्षं मी दात करते आहे. कवळ्या, क्राउन म्हणजे दातावरच्या टोप्या, ब्रिज. डॉक्टर माप पाठवतात, मी घडवते, ज्याच्या तोंडात ते जातं त्याला मी बहुतेक वेळा बघितलेलंही नसतं. तेव्हा छोट्या वस्तूंची भीती नाही. पण आज पहिला तुकडा देठापासून कापताना हात थांबला. दात चुकला तर दुसरा करता येतो, या खोक्यात मात्र प्रत्येक तुकडा एकेकच आहे.

१७ ऑगस्ट

कवळीच्या ॲक्रिलिकसाठी आम्ही मोनोमर नावाचं द्रव वापरतो. त्याचा एक थेंब उरलेल्या देठावर टाकून पाहिला. प्लास्टिक चिकट होऊन ढेपाळलं. बरं झालं आधी टाकाऊ तुकड्यावर पाहिलं. मॉडेलचं पातळ सिमेंटही याच तत्त्वावर चालतं: ते चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित वितळवतं आणि त्या एकमेकींत मिसळतात. दोन तुकडे जुळवून धरायचे आणि कुंचल्याचं टोक फक्त फटीला टेकवायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. हे बघताना फार समाधान वाटतं. मग पुट्टी, मग पाण्यात बुडवून पॉलिश पेपर, आधी चारशे नंबर, मग आठशे, मग हजार. सांधा दिसेनासा झाला की नखानं चाचपायचा. डोळा फसतो, नख फसत नाही.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. घरात माणसं, टेबल आवरून जहाज कपाटावर ठेवलं. सासूबाईंची नजर तिथे गेलीच.

"हे कुठलं गं?"

"जर्मनांचं आहे, आई. पहिल्या महायुद्धातलं."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी हळदीकुंकू उरकल्यावर म्हणाल्या, "आमचे आजोबा बसऱ्याला गेले होते. त्याच लढाईत."

त्यांचं माहेर अपशिंग्याचं. त्या गावातून इतके लोक फौजेत गेले, की गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा लागला. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया. आजोबा परत आले नाहीत, आली ती ब्राँझची एक तबकडी. तळहाताहून थोडी मोठी. साम्राज्यासाठी मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी अशी तबकडी पाठवत आणि तिच्यावर त्याचं नाव ओतलेलं असे. सासूबाईंच्या भावाकडे देवघरात ती अजून आहे. लहानपणी त्या तिला देवीच समजत, कारण तिच्यावर एक बाई उभी आहे आणि शेजारी सिंह. "आणि दोन मासे पण आहेत," त्या म्हणाल्या. ते डॉल्फिन, समुद्रावरच्या ताकदीची खूण म्हणून घातलेले. ज्या माणसानं घर सोडेपर्यंत कृष्णेपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं, त्याच्या मरणाच्या तबकडीवर डॉल्फिन.

त्याच समुद्रावर १९१४ च्या सप्टेंबरपासून एमडेन एकटी फिरत होती. तिच्या भीतीनं बंगालच्या उपसागरातली व्यापारी वाहतूक अडून बसायची. आज पहिल्यांदा ते जहाज आमच्या घरच्या गोष्टीत आल्यासारखं वाटलं.

७ सप्टेंबर

रंग. युद्धाआधी एमडेन पांढरीशुभ्र होती आणि धुरांडी पिवळसर. तिला 'पूर्वेचा हंस' म्हणत. लढाई सुरू झाली आणि हंस राखाडी झाला.

डब्यातला राखाडी तसाच फासला तर जहाज खेळण्यासारखं दिसतं. दातांचंही हेच आहे. लोक म्हणतात पांढरा दात द्या, पण नुसता पांढरा दात तोंडात बसवला तर चार हातांवरून खोटा कळतो. खऱ्या दातात मुळाशी पिवळा, टोकाला निळसर काचेसारखा, मध्ये करडी झाक. शेड गाइडवर, म्हणजे दातांच्या छटांच्या नमुनापट्टीवर, ए-टू आणि ए-थ्री यांत इतका थोडा फरक असतो, की दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पाच सेकंदांत ठरवावं लागतं. जास्त वेळ बघितलं की डोळा थकतो आणि सगळं सारखंच दिसायला लागतं. मीही तसंच केलं. उत्तरेच्या खिडकीत चार राखाडी पट्ट्या रंगवून ठेवल्या, येता-जाता एक नजर टाकली. तिसरी निवडली. कडांना किंचित उजळ, कोपऱ्यांत काळसर. डेकवर लिनोलियम होतं, त्याचा तांबूस तपकिरी मात्र एकाच हातात जमला.

हवेत इतका ओलावा आहे, की रंगाचा एक हात सुकायला दोन दिवस लागतात. टेबललॅम्पखाली पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालून त्यात वाळवते आहे.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आणि याच तारखेला, १९१४ साली, रात्री साडेनऊच्या सुमाराला एमडेननं मद्रासवर तोफा डागल्या. शहराचे दिवे चालू, दीपगृह चालू. अर्ध्या तासाच्या आत सव्वाशेच्या आसपास गोळे. बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या. लोक पुढे कितीतरी दिवस शहर सोडून जात राहिले. तमिळमध्ये 'एमडन' हा शब्दच रुळला, भारी माणूस, कोणाला न आवरणारा, अशा अर्थानं. चेन्नईच्या हायकोर्टाच्या आवारात त्या रात्रीची पाटी आहे.

मुलगी म्हणाली, "आई, आपल्याच गावावर गोळे टाकणारं जहाज तू एवढ्या मायेनं का करतेस?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. मी तिला कप्तान म्युलरबद्दल सांगितलं. वीस-बावीस व्यापारी जहाजं त्यानं पकडली किंवा बुडवली, पण आधी त्यांवरची माणसं उतरवून घेतली आणि धरलेल्या जहाजातून सुखरूप पाठवून दिली. ऑक्टोबरात हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर कोळसा भरायला थांबले, तर तिथल्या लोकांना युद्ध सुरू झाल्याचंच माहीत नव्हतं. जर्मनांनी त्यांची नादुरुस्त मोटारबोट दुरुस्त करून दिली. हे सगळं खरं आहे. तरी मद्रासला माणसं मेली, तेही खरं आहे. मुलीला मी एवढंच म्हटलं, की मला दोन्ही माहीत आहे आणि दोन्ही घेऊनच करते आहे.

रात्री लाइट गेली. मेणबत्ती लागलेलीच होती, म्हणून त्या ज्योतीवर देठ तापवून ताणला. मऊ पडताच झटकन दोन्ही हात लांब करायचे. मध्ये केसाहून बारीक धागा निघतो. डोलकाठ्यांच्या दोऱ्या अशाच करायच्या. सात तुटले, चार जमले.

१२ ऑक्टोबर

ज्याच्यासाठी मी हे जहाज हातात घेतलं, ते आज लिहिते.

एमडेनला धुरांडी तीन. इंग्रजांच्या 'यार्मथ' या क्रूझरला चार. म्हणून एमडेनवरच्या लोकांनी चौथं धुरांडं स्वतः बनवलं, खोटं. फर्स्ट ऑफिसर म्युकेची ही कल्पना. त्यानं पुढे लिहून ठेवलंय, की सुरुवातीला डेकवर अंथरायचं जाड कापडच उभं केलं. बाजूनं बघितलं तर झकास, समोरून बघितलं तर नुसता पडदा. मग लाकडाची चौकट करून त्याला गोलाई दिली.

हे वाचलं तेव्हा मी लॅबमध्ये होते आणि हातात पुढच्या दाताचा क्राउन होता. नवशिके समोरून सुंदर दात करतात. पेशंट हसला, मान वळवली, की बाजूनं चपटा दिसतो. ज्या सरांकडे मी शिकले ते म्हणायचे, दात आधी गालाच्या बाजूनं बघ. शंभर वर्षांपूर्वी भर समुद्रात कोणीतरी आपलंच काम समोरून बघितलं, मान हलवली, आणि परत सुई हातात घेतली. त्या खलाशाचं नाव कुठेच नाही. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

खोक्यात अर्थातच तीनच धुरांडी आहेत. चौथं मला करायचं होतं. प्लास्टिकची पातळ पट्टी वळवून पाहिली, पण ती बाकीच्या तिघांसारखीच लोखंडी दिसली. कापड कापडासारखं दिसायला हवं: लांबून धुरांडं, जवळून शिवण. मग आपल्याच धंद्यातलं केलं. लंबगोल आकार मेणात कोरला, करंगळीच्या पेराएवढा. त्यावर टिश्यू पेपर पांढऱ्या गोंदात बुडवून गुंडाळला, वाळू दिला. क्राउनचं मेण जसं घालवतो तसं हेही घालवायचं, म्हणून गरम पाण्यात टाकलं. मेण वितळलं आणि गोंदही विरघळला. पाण्यावर कागदाचा लगदा तरंगत राहिला. एवढी वर्षं मेणात काम करून ही चूक माझ्याकडून व्हावी याचं वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा पातळ सुपरग्लू वापरला. मेण गेलं, कागद उभा राहिला. पण सुपरग्लूनं सुरकुत्या खाऊन टाकल्या, पत्र्यासारखं गुळगुळीत झालं. तिसऱ्यांदा कागद आधी किंचित चुरगाळून घेतला आणि ग्लू आतून, मेणाच्या बाजूनंच, जेमतेम लावला. आता उभ्या दोन सुरकुत्या राहिल्यात, चौकटीच्या काठीवर कापड ताणल्यासारख्या. राखाडी रंगही बाकीच्या धुरांड्यांपेक्षा अर्धी शेड फिका ठेवलाय.

रात्रीचा दीड वाजला. "झोपताय का?" अशी हाक दोनदा ऐकू येऊन गेली.

२८ ऑक्टोबर

१९१४ ची हीच पहाट. खोटं धुरांडं उभारून एमडेन मलायातल्या पेनांगच्या बंदरात शिरली. आत रशियाची क्रूझर 'झेमचुग' नांगरलेली. नावाचा अर्थ मोती. नऊ वर्षांपूर्वी जपानविरुद्धच्या सुशिमाच्या लढाईतून ती वाचून आली होती. त्या रात्री तिचा कप्तान किनाऱ्यावर होता. एमडेननं जर्मन झेंडा चढवला आणि मगच तोफा सुरू केल्या. फसवणुकीला परवानगी होती, पण खऱ्या झेंड्याशिवाय गोळी नाही, असा समुद्रावरचा नियम. काही मिनिटांत मोती बुडाला. ८० हून जास्त रशियन खलाशी मेले, कित्येक झोपेतच. बाहेर पडताना फ्रेंचांची 'मुस्के' आडवी आली, तीही बुडवली, आणि तिचे वाचलेले लोक पाण्यातून उचलून घेतले.

हे आज लिहिताना हात जड होतो. त्या धुरांड्याची शिवण इतकी चांगली जमली होती, म्हणून ती माणसं झोपेत राहिली. नीट केलेल्या कामाचा असाही उपयोग होतो. मला त्या शिवणाऱ्याबद्दलची आपुलकी कमी करता येत नाही आणि त्या ऐंशी जणांना विसरताही येत नाही. बारा दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'नं एमडेनला गाठलं. सिडनीच्या तोफा मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या. म्युलरनं जहाज नॉर्थ कीलिंगच्या खडकांवर चढवलं. १३० हून जास्त जण गेले. शिवणारा त्यांत होता, की म्युकेबरोबर किनाऱ्यावर उतरून 'आयेशा' या शिडाच्या जहाजानं निसटलेल्या पन्नासेक जणांत, कोणास ठाऊक.

संध्याकाळी लॅबमधून येताना मोती चौकात दहा मिनिटं गाडी अडकली. घरी येऊन, हात धुऊन, चौथं धुरांडं बसवलं. सिमेंट लावलं नाही. खऱ्या एमडेनवरही ते उभारता आणि उतरवता येत होतं, म्हणून मेणाचा एक ठिपका. मग जहाज टेबलाच्या कडेला ठेवलं, गुडघ्यावर बसले, डोळा डेकच्या पातळीला आणला आणि समोरून बघितलं. मग डावीकडून. मग मागून. मुलगी आली, तीही गुडघ्यावर बसली.

"यात खोटं कुठलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. बराच वेळ बघून तिनं बोट बरोबर त्याच्यावरच ठेवलं. "याला शिवण आहे."

सासूबाईंनी चष्मा पुसून बघितलं. "यात माणसं कुठायत?" म्हणाल्या.

माणसं मी केलीच नव्हती. जेवणं झाल्यावर बसले आणि ताणलेल्या देठातून एक कापला, पाच मिलिमीटरचा. तीन वेळा मोडला. चौथ्या धुरांड्याच्या पायथ्याशी उभा केलाय. त्याच्या हातात सुई दाखवणं या मापात शक्य नाही. हात तेवढा वर केलेला ठेवला.