तिसऱ्या बेसवरचा तास

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आधी मागचं मैदान आलं, फक्कीच्या रेषा आणि सरांची शिट्टी. शाळेनं खूप दिलं, पण मी लिहिणार आम्हाला सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या सरांबद्दलच.

जिल्हा स्पर्धेतला सामना, सातवा म्हणजे शेवटचा डाव. दोघी बाद, बरोबरीला एक धाव हवी आणि मी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या हातून चेंडू सुटण्याआधीच माझा पाय बेसवरून उचलला. पंचांनी बाद दिलं, सामना गेला. एसटीत सर एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी त्यांनी मला तिसऱ्या बेसवर, म्हणजे भुसा भरलेल्या सिमेंटच्या गोणीवर उभं केलं आणि स्वतः चेंडू टाकू लागले. "चेंडू बघू नको, माझं मनगट बघ." हात खालून फिरून मांडीपाशी आला की चेंडू सुटतो, पाय तेव्हाच उचलायचा. असं तासभर! घंटा झाली तेव्हा सर घामानं भिजले होते. म्हणाले, "पळ, गणिताचा तास बुडवू नको."

नऊ जणींत चार ग्लोव्हज आणि एक स्लगर (बॅट), तेवढ्यावर सरांनी आमच्या कितीतरी पोरी राज्य स्पर्धेपर्यंत नेल्या.

2006 मध्ये लग्न होऊन मी अमेरिकेत टूसॉनला आले. इथल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा मुलींचा सॉफ्टबॉल संघ माइक कँड्रिया यांनी 1986 पासून घडवला. 2007 मध्ये त्यांनी आठवं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा आमच्या गल्लीतही जल्लोष होता. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तेच अमेरिकेचे प्रशिक्षक होते. नऊ सामन्यांत संघानं 51 धावा केल्या, दिली फक्त एक. 2021 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 1674 विजय होते. मोठा माणूस, मला फार आदर आहे. पण हिलेनब्रँड स्टेडियममध्ये पहिला सामना बघताना पिचरचा हात मांडीपाशी आला आणि बसल्या जागी माझा पाय उचलला गेला, तेव्हा आठवले ते आपलेच सर.

शाळेच्या मैदानात विहिरीकडच्या बाजूला आता गाड्या लागतात असं मैत्रिणीनं कळवलं. आपला तिसरा बेस तिथेच होता. ऐकून दिवसभर कशात मन लागलं नाही.

समारंभाला येतेय. सोबत सहा नवे चेंडू आणतेय, इथले पिवळे. सर, सकाळी प्रार्थनेआधी पोरींना बोलावून ठेवा.